सहा पिंजरे, एकच पाणी

१

सोमवारी सकाळी पावणेआठला प्रयोगशाळेची सहायक रुचिका चौधरी हिने उंदरांच्या खोलीचं दार उघडलं तेव्हा तीसपैकी वीस उंदीर मेलेले होते.

ही खोली भिवंडीजवळ वडप्याला होती. हायवेलगतच्या गोदामांच्या रांगेत एक टायरांचं गोदाम आणि एक बिस्किटांचं, त्यांच्या मधल्या गाळ्यात. साल २००६, महिना फेब्रुवारी. बाहेर कंटेनर मागे घेणाऱ्या क्लीनरांच्या आरोळ्या चालू होत्या. आत एसीची घरघर. लोखंडी मांडणीवर सहा पिंजरे, प्रत्येकात पाच पांढरे उंदीर. पहिल्या चार पिंजऱ्यांत काहीच हलत नव्हतं. पाचव्या आणि सहाव्या पिंजऱ्यातले दहाच्या दहा जिवंत होते. जरा मलूल होते, पण दाणे कुरतडत होते.

रुचिकाने शेजारच्या फ्रिजचं कुलूप काढलं. तिथे औषधाची बाटली असायची, शंभर मिलीची, तपकिरी काचेची. बाटली नव्हती.

नऊ वाजता गाळ्याचे मालक हिरामण पाटील आले. त्यांनी पिंजरे पाहिले, फ्रिज पाहिला, आणि बाहेर येऊन लडकूची पिशवी जमिनीवर उलटी केली. लडकू पिंजरे साफ करायचा, पाणी भरायचा; शनिवार-रविवारची ड्युटी त्याची एकट्याची होती. पिशवीतून भाकरीचं फडकं पडलं, तंबाखूची डबी पडली आणि गोळ्यांची अर्धी स्ट्रिप पडली.

"हे काय हाय?" हिरामणशेठनी विचारलं.

"घरच्यासाठी हाय, शेठ. तिचा पोट—"

पुढचं ऐकायच्या आत शेठनी त्याच्या कानाखाली वाजवली. बिस्किटांच्या गोदामातले सात-आठ हमाल बघत उभे होते.

रुचिका आत गेली आणि तिने कोणालाही न विचारता एक फोन लावला.

२

फोन कामतघरला, डॉ. मृणाली तरे यांच्या दवाखान्यात वाजला. मृणाली जनावरांची डॉक्टर. तिच्या दवाखान्याच्या दोन्ही बाजूंना कापडाचे खडखडणारे लूम होते, त्यामुळे ती फोनवर नेहमी ओरडून आणि थोडक्यात बोलायची. प्राण्यांवर प्रयोग करणाऱ्या जागेला एक देखरेख समिती असावी लागते आणि त्या समितीत बाहेरचा एक माणूस असावा लागतो. वडप्याच्या प्रयोगशाळेसाठी तो बाहेरचा माणूस म्हणजे मृणाली.

"कशालाही हात लावू नका," ती म्हणाली. "पोलिसांना बोलवायचं असेल तर संध्याकाळपर्यंत थांबा. मी येते."

ती आली तेव्हा साडेदहा झाले होते. तिने आधी माणसांकडे नाही, उंदरांकडे पाहिलं. पिंजऱ्यांतल्या भुशावर रक्ताचे डाग होते. मांडणीच्या चारही पायांभोवती पांढऱ्या खडूच्या जाड रेघा ओढलेल्या होत्या, मुंग्यांसाठी ओढतात तशा. तिने एक मेलेला उंदीर हातात घेतला, उलटा केला, नाकाजवळ नेला.

"हे कधी मेले?"

"लडकू म्हणतो, पहिले सहा शनिवारी सकाळी," रुचिका म्हणाली. "बाकीचे रविवारी दुपारपर्यंत."

मृणालीने उंदराच्या पोटावर अंगठा दाबला आणि त्याला पुन्हा जागेवर ठेवलं. तिच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. तो चेहरा तसाच होता. म्हैस अडली तरी आणि म्हैस व्याली तरी.

"प्रयोग काय होता, मला पहिल्यापासून सांग."

रुचिकाने सांगितलं. आपल्या आतड्यात कोट्यवधी जिवाणू राहतात. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या अंगावर चरबी आणि साखर यांची मिळून झालेली एक साल असते. जिवाणू मेला, उकळला, तरी ही साल टिकते. तीच साल वेगळी काढून औषध करायचं, असं प्रयोगशाळेचे प्रमुख डॉ. मनोज केणे यांचं म्हणणं. सगळ्या उंदरांना आतड्याला जखमा करणारी पूड पाण्यातून द्यायची. पाचव्या आणि सहाव्या पिंजऱ्याला त्याच पाण्यात औषधही घालायचं.

"मग जमलं की. औषधाचे जगले, बिनऔषधाचे मेले."

"तेच तर पटत नाही, मॅडम. पूड दोनच टक्के होती. एवढ्याने उंदीर मरत नाहीत. चार दिवस जुलाब होतात, थोडं रक्त जातं, मग आपोआप बरे होतात. मागच्या दोन्ही वेळी सगळे बरे झाले होते. औषध दिलेले आणि न दिलेले सारखेच. आम्हाला फरकच दाखवता आला नव्हता."

"आणि या वेळी फरक दिसला नसता तर?"

रुचिकाने दाराकडे पाहिलं. "हिरामणशेठ हा गाळा रिकामा करून मागणार होते. त्यांनी जागा दिली ती प्रितमसाठी. त्यांचा मुलगा. बावीस वर्षांचा आहे, तीन वर्षं आतड्याला जखमा आहेत. सरांनी त्यांना सांगितलं होतं की औषध निघेल."

३

मृणालीने एकेकाला रुचिकाच्या टेबलाशी बसवलं. पहिले आले मनोज केणे. चाळिशीचे, नीट इस्त्रीचा शर्ट, बोलणं मवाळ.

"मला लडकूला अडकवायचं नाही," ते म्हणाले. "पण पूड तोच मापतो. हात सैल सुटला असेल. तशी चूक झाली असली तरी निकाल बदलत नाही, डॉक्टर. सहाही पिंजऱ्यांचं पाणी एकाच पिंपातून जातं. पूड जास्त पडली तर ती सगळ्यांनाच जास्त पडली. आणि तरीही माझे दहा जगले."

"तुम्ही खोलीत शेवटचे कधी गेलात?"

"महिना झाला असेल. प्रयोग करणाऱ्याने आत जाऊन लुडबुड करू नये. रुचिका आणि लडकू बघतात. शिवाय ही जनावरं लहरी असतात. पहिले दोन दिवस पाण्याला तोंड लावत नव्हती, मग गटागटा प्यायला लागली. कोणी किती प्यालं याचा हिशेब कोण ठेवणार?"

"शनिवारी लडकूने तुम्हाला फोन केला होता?"

"केला. उंदीर मरतायत म्हणाला. मी म्हटलं, हात लावू नकोस, सोमवारी बघू. आजाराचा प्रयोग आहे, मरणारच."

"आणि बाटली?"

इथे मात्र मनोजचा आवाज बदलला. "ती गेली हे फार वाईट झालं. ते पातळ न केलेलं औषध होतं. एक थेंब लिटरभर पाण्यात घालायचा. तुम्ही ती शोधाच."

मग हिरामणशेठ. पांढरा लेंगा-सदरा, बोटांत दोन अंगठ्या. खुर्चीत बसल्यावरही त्यांचा पाय हलत होता.

"मॅडम, मला तर ह्ये आज सकाली कलला. दोन दिस हा एकटाच होता. उंदीर मेले, बाटली गेली. अजून काय पायजे तुम्हाला?"

"फ्रिजचं कुलूप तुटलेलं नाही. किल्ल्या कोणाकडे आहेत?"

"सायबाकडं एक, पोरीकडं एक. लडकूनं यांच्यातलीच उचलली असंल." थोडं थांबून त्यांनी विचारलं, "मला सांगा, एका उंदराचा वजन किती असतो?"

"पंचवीस ग्रॅम. का?"

"असाच. आपल्या जागेत चाललाय, म्हायती नको?" त्यांची नजर भिंतीवर गेली आणि ओठ काही क्षण नुसतेच हलत राहिले.

शेवटी लडकू. पन्नाशीचा, अकलोलीच्या अलीकडच्या पाड्यावरचा. रोज पहाटेची एसटी धरून वडप्याला यायचा. गालावर बोटं उठली होती.

मृणालीने गोळ्यांची स्ट्रिप त्याच्यासमोर ठेवली. "या कशाच्या?"

"माझ्या बायकोला, ठमाबाईला, आव झालती, बाय. सरकारी दवाखान्यातनं दिल्या. आर्ध्या खाल्ल्या, आर्ध्या मी पिशवीत टाकल्या, ती खात न्हवती म्हनून. बस्टँडावर बसून खाऊ घालायचो."

"बाटली?"

"मी न्हाय घेतली. देवाची आन घ्यायला लावा."

"आण नको. उंदरांचं सांग. गेल्या महिन्यात काही वेगळं दिसलं?"

लडकूने उंदरांच्या खोलीकडे पाहिलं. मग म्हणाला, "वास जात राह्यला, बाय."

"म्हणजे?"

"उंदरांच्या खोलीत जो वास येतो ना, डोल्यांना झोंबनारा, तो कमी कमी होत गेला. मला वाटला, मी साफ चांगला करतंय. लेंड्या पन मऊ पडायच्या, पन वास न्हाय. आन मुंग्या. जन्मात कदी पान्याच्या नळीला मुंग्या बगितल्या न्हवत्या. म्हनून खडू मारला."

मृणालीची पेन्सिल थांबली.

"मुंग्या कधीपासून?"

"महिना झाला. रुचिकाताई बहिनीच्या लग्नाला गेलती, पंधरा दिस. तवा. पयले दोन दिस उंदीर पानीच पियाले न्हाईत. बाटल्या भरल्या त्या भरल्या. मला वाटला, माझ्याच हातनं काय चुकला. भ्यालो. वहीत लिवला न्हाय, कोनाला बोललो न्हाय. तिसऱ्या दिशी पियाला लागले, आन मुंग्या लागल्या."

"आणखी एक. उंदीर मेले हे तू रविवारी कोणाला सांगितलंस?"

"शेठ आलते ना दुपारी. त्यांचाच गाला, ते येतातच. मी बोललो, चार पिंजरे गेले, औशदवाले दोन जगले."

हिरामणशेठनी तर थोड्याच वेळापूर्वी याच खुर्चीत बसून सांगितलं होतं, की आपल्याला हे आज सकाळी कळलं.

४

मृणाली चार मेलेले उंदीर आणि दोन पिंजऱ्यांतल्या जिवंत उंदरांच्या लेंड्या घेऊन कामतघरला परतली. पाण्याचा नमुना तिने ओळखीच्या एका केमिस्टकडे पाठवला. मंगळवारी सकाळी त्याचा निरोप आला. पूड बरोबर दोन टक्के. विष नाही. सोबत साखरेसारखं काहीतरी गोड आहे.

लडकूचा हात सैल सुटला नव्हता.

दवाखान्यातल्या दगडी ओट्यावर तिने पहिला उंदीर उघडला. मोठ्या आतड्याचा आतला थर सोललेल्या फळासारखा झाला होता. पण तिचं लक्ष दुसरीकडे गेलं. लहान आणि मोठं आतडं जिथे मिळतं तिथे उंदराला एक पिशवी असते. ती पिशवी फुगून तिप्पट झाली होती, आत पातळ पाणी. दुसरा उंदीर तसाच. तिसरा, चौथाही.

कालपासून तिला एक गोष्ट टोचत होती, ती आता शब्दांत आली. म्हैस मेली की संध्याकाळपर्यंत ढोलासारखी फुगते. तिला फुगवतात ते तिच्या पोटातले जिवाणू. मालक मेला तरी त्यांचं काम चालू असतं. हे उंदीर दोन दिवस मरून पडले होते. एसी असला म्हणून काय झालं, थोडं तरी पोट ताणायला हवं होतं, थोडा तरी वास यायला हवा होता.

तिने जिवंत उंदरांच्या लेंडीचा डाग काचेवर घेतला, रंग चढवला आणि सूक्ष्मदर्शक लावला. तिथे गर्दी दिसायला हवी होती, भिवंडीच्या बाजारासारखी. काच जवळजवळ रिकामी होती.

तिने रुचिकाला फोन केला. "हा विषय तुमच्या सरांना कुठून सुचला?"

"दोन वर्षांपूर्वी परदेशात असा प्रयोग झाला होता, मॅडम. त्यातही सालीचं पाणी प्यालेले उंदीर जगले आणि बाकीचे मेले."

"तीच पूड, तेवढीच? मग त्यांचे बाकीचे उंदीर मेले कसे?"

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग रुचिका हळू म्हणाली, "कारण त्यांना आधी चार आठवडे तीन-चार अँटिबायोटिक एकत्र दिली होती. पोटातले सगळे जिवाणू मारून टाकले होते. त्यांनी तसं स्पष्ट लिहिलंही होतं. मॅडम, आम्ही तर अँटिबायोटिक दिलंच नाही."

"कोणीतरी दिलं," मृणाली म्हणाली. "सहाही पिंजऱ्यांना. पिंपातून."

तिने फोन ठेवला. आता सगळं जुळत होतं, आणि जुळलेलं तिला आवडत नव्हतं. त्यातलं एक अँटिबायोटिक भयंकर कडू असतं. उंदीर त्याला तोंड लावत नाही, म्हणून गोड घालावं लागतं आणि मुंग्या येतात. ते नेमकं कोणतं, हे तिला पाठ होतं. आवेवर देतात ते.

लडकूच्या पिशवीतल्या अर्ध्या स्ट्रिपवर त्याचंच नाव होतं.

५

तिने चहा मागवला आणि तो निवेपर्यंत ती हिशेब करत बसली.

अख्ख्या स्ट्रिपच्या दहा गोळ्याही तीस उंदरांना चार आठवडे पुरत नाहीत. शिवाय त्या एका औषधाने काच एवढी रिकामी होत नाही. त्याला तीन-चार वेगवेगळी औषधं एकत्र लागतात, त्यातली काही मोठ्या इस्पितळाबाहेर मिळतही नाहीत. आणि ज्याने हे केलं त्याने आपणहून वासाची आणि मुंग्यांची गोष्ट सांगितली नसती. लडकू नाही.

रुचिका? मुंग्या लागल्या तेव्हा ती लग्नघरात होती. आणि फोनही तिनेच केला होता.

उरलेल्या माणसाने तर काल स्वतःच्याच तोंडाने सांगून टाकलं होतं. "पहिले दोन दिवस पाण्याला तोंड लावत नव्हती." लडकूने ते कोणाला सांगितलं नव्हतं, वहीतही लिहिलं नव्हतं. महिनाभर खोलीत पाऊल न ठेवलेल्या मनोज केण्यांना ते कसं कळलं? बाटल्या बघायला ते आत गेले होते. आपण पिंपात घातलेलं उंदीर पितायत का, हे बघायला. पीत नव्हते, मग त्यांनी गोड घातलं.

पण बाटली मनोजने घेतली नव्हती. कालची त्याची भीती खरी होती. म्हणजे दोन गुन्हे, दोन माणसं.

ज्याने बाटली घेतली त्याला रविवारी दुपारीच कळलं होतं, की औषधाचे उंदीर जगले. त्याचा त्या जगण्यावर विश्वास बसला होता. गाळ्यातल्या प्रत्येक कुलपाची, फ्रिजच्याही, जादा किल्ली मालकाकडे असतेच. आणि त्या माणसाने तिला उंदराचं वजन विचारलं होतं. पंचवीस ग्रॅमवरून पन्नास-पंचावन्न किलोवर जायला किती पट, हे त्याचे ओठ मोजत होते.

मृणालीने कप तसाच ठेवला आणि रिक्षा थांबवली. अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती.

वडपे गावात हिरामण पाटलांचा बंगला शोधावा लागत नाही. ओटीवर राहीबाई, हिरामणची बायको, गोधड्यांचा ढीग घेऊन आत-बाहेर करत होती. मृणालीला बघून ती म्हणाली, "पोराला थंडी भरलीय. चार गोधड्या घातल्या तरी दात वाजतात."

"कधीपासून?"

"दहा वाजल्यापासून. नऊ वाजता यांनी औषध पाजला."

६

प्रितम भिंतीकडे तोंड करून पडला होता. अंग भाजत होतं, नाडी हाताला लागेना. उशाशी तपकिरी बाटली होती, तिच्यातलं बोटभर औषध कमी झालेलं.

हिरामणशेठ दारात उभे होते. "औषध लागू पडताना ताप येतोच," ते म्हणाले. पण ते विचारत होते.

"गाडी काढा," मृणाली म्हणाली. "ठाण्याला. आत्ता."

गाडीत तिने एका हाताने नाडी धरली होती, दुसऱ्या हाताने मोबाईलवर इस्पितळाला सांगत होती, की शिरेतून सलाईन तयार ठेवा, रक्तदाब पडतोय, जिवाणूच्या सालीचं विष रक्तात गेलंय. मागच्या सीटवर मुलाचं डोकं मांडीवर घेऊन बसलेले हिरामणशेठ हे ऐकत होते.

"इष?" खारेगावच्या पुलावर त्यांनी विचारलं. "उंदीर जगले ना त्याच्यावर?"

"त्यांचं आतडं औषध सुरू केलं तेव्हा धड होतं. याचं तीन वर्षं फाटलेलं आहे."

इस्पितळाच्या दारात स्ट्रेचर आत गेल्यावर त्यांनी गाडीच्या बॉनेटवर दोन्ही हात टेकवले आणि म्हणाले, "रविवारी मीच नेली बाटली."

"माहीत आहे."

"काल त्याला मारला. मला ठाव होता, त्यानं न्हाय नेली. तरी मारला."

मृणाली स्ट्रेचरच्या मागे आत गेली.

७

बुधवारी दुपारपर्यंत प्रितमचा रक्तदाब सावरला. तो वाचेल असं डॉक्टरांनी सांगितल्यावरच मृणाली वडप्याला गेली. खोलीत मनोज, रुचिका आणि हिरामणशेठ होते. लडकूला तिने मुद्दाम बोलावून खुर्ची दिली होती. तो खुर्चीच्या कडेवर बसला होता.

"माणसाच्या आतड्याच्या भिंतीला पहारेकरी असतात," ती म्हणाली. ती लडकूकडे बघून बोलत होती; त्याला कळलं म्हणजे सगळ्यांनाच कळलं असतं. "जिवाणूची साल त्यांना ओळखता येते. भिंतीच्या आतल्या बाजूला ती रोज थोडी थोडी लागत असते. पहारेकऱ्यांना त्यातून कळतं की सगळं जागच्या जागी आहे, आणि ते भिंतीची डागडुजी करत राहतात. जखम झाली तर भरून काढतात. म्हणून मागच्या दोन्ही वेळी उंदीर आपोआप बरे झाले. त्यांना बाहेरच्या औषधाची गरजच नव्हती. ते त्यांच्या पोटातच होतं."

मनोज खिडकीतून बाहेर बघत होते.

"या वेळी त्यांच्या पोटातले जिवाणू आधीच मारून टाकले. भिंतीला साल लागेना. मग पूड आली, जखमा झाल्या, आणि डागडुजीचा हुकूमच कोणाला मिळाला नाही. वीस उंदीर रक्त जाऊन मेले. दहांना तीच साल बाटलीतून मिळत होती, ते तरले. पिंपात विष शोधून काय सापडणार? मारलं ते काढून घेतल्याने."

"हे सिद्ध कसं करणार?" मनोज म्हणाले.

"जगलेल्या दहांची काच रिकामी आहे. म्हणजे अँटिबायोटिक सगळ्यांना मिळालं. आणि लडकू, पहिले दोन दिवस उंदीर पाणी पीत नव्हते, हे तू सरांना सांगितलं होतंस?"

"न्हाय, बाय. भ्यालो ना."

"रुचिका, वहीत आहे?"

"नाही."

मृणाली मनोजकडे वळली आणि थांबली. बाहेर एक कंटेनर बराच वेळ मागे येत राहिला. तो थांबल्यावर मनोज म्हणाले, "औषध खोटं नाही."

"नाही. पण ज्या आजारावर ते चाललं तो तुम्ही बनवलेला होता. प्रितमचा आजार तो नव्हे. त्याच्या पोटात जिवाणू भरपूर आहेत आणि भिंत फाटलेली आहे. त्याच्या भिंतीतून साल सरळ रक्तात जाते. रक्तात गेली की सगळ्या अंगाला वाटतं, शत्रू आत शिरला. मग ताप, थंडी, रक्तदाब पडतो."

"मी ते प्रितमला देणार नव्हतो," मनोज म्हणाले. आता मवाळ आवाज तुटला होता. "मला फक्त सहा महिने हवे होते. शेठनी जागा मागितली असती तर सगळं संपलं असतं. सहा महिन्यांत मी खरं काही दाखवलं असतं. बाटली कुलपात होती. कोणी पाजेल हे मला कसं कळणार?"

हिरामणशेठ उठले. रुचिकाला वाटलं ते मनोजला मारतील. ते त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"मी आठ महिने तुला रोज विचारायचो, पोराला कदी देऊ," ते म्हणाले. "रोज विचारायचो. आन तुला कलला न्हाय?"

मृणालीने समितीचा अहवाल तिथेच लिहिला. दोन पानं. रुचिकाने साक्षीदार म्हणून सही केली. मनोजनेही खाली सही केली. पूर्ण नावाने केली. प्रयोगशाळा त्याच आठवड्यात बंद झाली आणि पुढची चौकशी वरच्या कार्यालयाकडे गेली.

८

प्रितम बारा दिवसांनी घरी आला. त्याचं आतडं होतं तसंच आजारी होतं; आता ठाण्याचे डॉक्टर त्याला नेहमीची औषधं देत होते आणि पुढे ऑपरेशन लागेल म्हणत होते. राहीबाई त्याला मऊ भात भरवत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी हिरामण पाटील अकलोलीच्या अलीकडच्या पाड्यावर गेले. गाडी रस्त्यालाच उभी करावी लागली. पुढे शेतांमधून पायवाट होती. पांढरे कपडे घातलेला माणूस एकटाच बांधावरून येतोय हे पाड्याने लांबूनच पाहिलं, आणि ते लडकूच्या अंगणात पोचेपर्यंत दहा-बारा माणसं तिथे जमली होती. बायका दारांतून बघत होत्या. लडकू वालाच्या शेंगा निवडत बसला होता. तो उठून उभा राहिला. खाट पुढे करावी की नाही, हे त्याला कळेना.

हिरामणशेठनी इकडेतिकडे पाहिलं. एवढ्या लोकांची त्यांना सवय होती, पण बोलणारे ते असत आणि ऐकणारे बाकीचे.

"लडकू," ते म्हणाले, "बाटली मी नेलती. हे मला तवाच ठाव होता. चार माणसांदेखत तुझ्यावर हात टाकला, म्हनून चार माणसांदेखत सांगाया आलोय. चुकी माझी."

ठमाबाई दाराच्या चौकटीला धरून उभी होती. ती म्हणाली, "त्या दिशी घरी आला तो जेवला न्हाय. दोन दिस न्हाय जेवला. मला बोलला पन न्हाय काय झाला ते. बिस्कुटाच्या गोदामातला मानूस आला, त्यानं सांगितला."

हिरामणशेठनी मान खाली घातली आणि ती तशीच ठेवली.

लडकूने बायकोकडे पाहिलं, मग शेठकडे. त्याने खाट ओढून सावलीत टाकली.

"बसा," तो म्हणाला. "पोराचा ताप उतरला का?"